सर्वेला जाताय तर हे वाचून जा: आपलंच उत्तर आपण घेऊन येऊ नये म्हणून

खान्देशात कुणाच्या ओट्यावर फॉर्म घेऊन बसलात की पहिला प्रश्न तुम्ही विचारतच नाही, तो समोरून येतो. "कोठून उनात ताई, कोनतं हापिस?" आणि ह्याचं उत्तर तुम्ही काय देता, कसं देता, त्याच्यावर पुढचा अख्खा फॉर्म ठरतो. पीकविम्याचे वाटलात तर कपाशीचं नुकसान वाढतं, वसुलीचे वाटलात तर उत्पन्न कमी होतं, घरकुलाचे वाटलात तर चांगली भिंत पण पडायला आलेली असते. लोक खोटं बोलतात म्हणून नाही होत हे. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, चहा देतात, पाणी देतात, आणि उत्तर पण त्याच हाताने देतात, म्हणजे ह्या ताईला काय ऐकायचंय त्याचा अंदाज घेऊन तिला बरं वाटेल असं. हा अंदाज ते कशावरून घेतात, तर आपल्याच तोंडाकडे बघून, कपड्यांकडे बघून, शब्दांवरून. म्हणून ही सगळी चूक आपल्या बाजूची आहे आणि दुरुस्त पण आपल्यालाच करायचीय.

मी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत बरीच वर्षं फॉर्म भरलेत, आता नवीन पोरापोरींना फील्डसाठी तयार करते. एमएसडब्ल्यूचे असतात, कृषीचे असतात, पीएचडीवाले पण येतात. सगळ्यांना काळजी एकच, सॅम्पल किती घ्यायचं आणि कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं. सॅम्पल चुकलं तर ते कुणीतरी पकडतं हो, पण प्रश्न विचारताना तुम्ही नुसती मान हलवली आणि त्याने उत्तर बदललं तर ते कुठेच दिसत नाही, टॅबमध्ये ते अगदी स्वच्छ एक-दोन-तीन आकडे होऊन बसलेलं असतं.

तर सुरुवात ओळखीपासून. गावात शिरताना तुमच्यासोबत कोण आहे ते आधी बघा. सोय म्हणून आपण आशाताईला घेतो, ग्रामसेवकाला घेतो, सरपंचाचा मुलगा गाडीवर पुढे असतो, आणि मग आशाताई घरात येतात का असा प्रश्न आशाताईच्या समोर विचारतो. परवानगीसाठी त्यांना भेटा, घरं दाखवायला चौकापर्यंत येऊ द्या, पण मुलाखतीला नको. गळ्यातलं आयकार्ड दाखवा आणि खिशात ठेवा. आणि आपण कशासाठी आलोय ते खरं सांगायचं, पण आपल्याला काय सापडायची आशा आहे ते सांगायचं नाही. "रासायनिक खताने जमीन कशी खराब होते त्याचा अभ्यास करतोय" असं म्हणालात की संपलं, आता तो माणूस तुम्हाला जमीन खराब करूनच दाखवणार. "शेतकरी कोणतं खत किती टाकतात ते समजून घेतोय" एवढं पुरे. सोबत हे पण जोडा की ह्यातून कुठली योजना मिळणार नाही, कुठली बंद पण होणार नाही, ह्यात बरोबर चूक असं उत्तर नसतं, आणि एखादं नाही सांगावंसं वाटलं तर नका सांगू. हे वाक्य पाठ करा आणि प्रत्येक घरी तेच म्हणा, दमलात म्हणून दहाव्या घरी अर्धं करू नका.

विचारणाऱ्याच्या डोक्यातलं उत्तर कागदावर कसं उतरतं त्याचं एक जुनं उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगते. 1914 साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे 2000 निराधार माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या, तुमच्यावर ही वेळ का आली म्हणून. स्टुअर्ट राइस नावाच्या संशोधकाने 1929 मध्ये त्याच्यावर लिहिलं. मुलाखती घेणाऱ्यांतला एक जण दारूबंदीचा कट्टर समर्थक होता, त्याच्या कागदांवर दारूमुळे बुडालेले लोक जास्त निघाले. दुसरा समाजवादी होता, त्याच्याकडे कारखाने आणि बेकारीमुळे बुडालेले जास्त. माणसं कुणाकडे कोणती जातील ते काही निवडून दिलेलं नव्हतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की नुसतं विचारणाऱ्याने लिहिलेलं कारणच झुकलेलं होतं असं नाही, त्या माणसांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेली कारणं पण त्याच बाजूला झुकलेली होती. दोघांनीही मुद्दाम काही केलं नव्हतं.

आता शब्दांकडे या, इथे जरा थांबायला लागेल. मराठीत एक अक्षर आहे जे सर्वेचं सगळ्यात जास्त नुकसान करतं, ते म्हणजे "ना". "पोराला अंगणवाडीत पाठवता ना?" "गॅसवरच स्वयंपाक करता ना?" असं विचारल्यावर नाही म्हणायला माणसाला जोर लावावा लागतो, आणि घरी आलेल्या पाव्हणीला कोण जोर लावून नाही म्हणेल. कागदावर प्रश्न "पाठवता का?" असाच छापलेला असतो पण तोंडातून "ना" जातो, कारण आपली बोलायचीच पद्धत ती. तसंच "अजून". "अजून संडास बांधला नाही का?" हा प्रश्न नाही, हा ठपका आहे. "तरी", "सुद्धा", "निदान", हे शब्द पण तसेच, "निदान उकळून तरी पिता का पाणी?" असं मी स्वतः विचारलेलं मला रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं, आणि त्या बाईने हो म्हटलं आणि मी हो लिहिलं. त्या दिवसाचे सगळे फॉर्म मी बाजूला काढले आणि परत जाऊन परत विचारलं. म्हणून सांगते, पहिल्या दोन दिवसांचं स्वतःचं रेकॉर्डिंग समोरच्याची परवानगी घेऊन करा आणि रात्री ऐका, बाकी कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त शिकाल.

एका शब्दाने किती फरक पडतो त्याचा एक प्रयोग खूप प्रसिद्ध आहे. 1974 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर ह्यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्या किती वेगात होत्या ते विचारलं. फक्त क्रियापद बदललं, काहींना "गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा" अशा मवाळ शब्दात, काहींना "एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा". आदळल्या ऐकलेल्यांचा अंदाज सरासरी ताशी सुमारे 41 मैल आला, सगळ्यात मवाळ शब्दवाल्यांचा सुमारे 32. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली होती का, आणि "आदळल्या"वाल्यांपैकी 50 मधल्या 16 जणांनी हो म्हटलं, फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. मग विचार करा, बोंडअळीने "किती वाटोळं केलं" असं विचारून आपण कोणता आकडा घेऊन येतो. "मागच्या हंगामात कपाशी किती क्विंटल निघाली, त्याच्या आधी किती?" असं विचारा, हिशोब तुम्ही घरी करा.

बंदी आणि परवानगीचं पण तसंच आहे. 1941 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या लोकांना विचारलं होतं, लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का, तर 62 टक्के म्हणाले देऊ नये. तोच प्रश्न बंदी घालावी का असा विचारला तेव्हा बंदी घाला म्हणणारे 46 टक्केच. परवानगी नको आणि बंदी हवी हे कागदावर एकच दिसतं, कानाला एक नाही लागत.

आता आपल्या भागातली खरी अडचण, जी पुण्यामुंबईत बसून प्रश्नावली लिहिणाऱ्यांना सहसा सुचत नाही. फॉर्म प्रमाण मराठीत असतो आणि ओट्यावर अहिराणी चालते, रावेर यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात वर गेलात की भिली, पावरी. मग प्रत्येक जण जागच्या जागी आपापलं भाषांतर करतो, आणि पाच मुलाखतकार पाच वेगळे प्रश्न विचारून येतात. एकदा आमच्या टीमने "तुमच्यावर कर्ज आहे का" असं विचारलं तर गावच्या गाव कर्जमुक्त निघालं. मग एका आजोबांशी नुसत्या गप्पा मारताना कळलं की कर्ज म्हणजे बँकेचं आणि सोसायटीचं, बियाण्याच्या दुकानदाराची उधारी हे कर्ज नाही, मेहुण्याकडून घेतलेले उसने पैसे हे पण कर्ज नाही, मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ घेतलेले पैसे, ते तर नाहीच नाही. त्यांनी काही लपवलं नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं. तेव्हापासून आम्ही एक एक वेगळं विचारतो, दुकानात उधारी आहे का, कुणाकडून उसने घेतलेत का, उचल घेतलीय का.

म्हणून फील्डला निघायच्या आधी अख्ख्या टीमने एक दिवस एकत्र बसायचं, ती बोली घरात बोलणारे दोन-तीन जण सोबत घ्यायचे आणि एक एक प्रश्न त्या बोलीत कसा म्हणायचा ते ठरवून देवनागरीत लिहून काढायचं. मग दुसऱ्या कुणाला तरी ते परत मराठीत सांगायला लावायचं, की मूळ प्रश्नच परत येतो का बघायला. धडगाव अक्कलकुव्याकडे दुभाषा लागतो तिथे त्याला आदल्या दिवशी बसवून सांगा की मी दोन वाक्यं बोलले तर तू दोनच बोल, आणि तो माणूस पाच मिनिटं बोलला तर मला "हो म्हणतोय" असं एका शब्दात नको, पाच मिनिटांचं सांग. दुभाषा त्याच गावातल्या वजनदार घरातला असेल तर तो असताना लोक काय बोलतील ते पण ध्यानात घ्या.

बायांच्या कामाचा प्रश्न तर मला रोज टोचतो. "तुम्ही काय काम करता?" "काही नही, घरीच शे." आणि ही बाई सकाळी निंदायला जाऊन आलेली असते, दोन म्हशींचं शेणपाणी केलेलं असतं, कापूस वेचून हाताला ओरखडे पडलेले असतात. काम म्हणजे पगाराचं, हा अर्थ प्रश्नातच भरलेला आहे. भारत सरकारच्या 2019 च्या टाइम यूज सर्वेमध्ये म्हणूनच वेगळी पद्धत आहे, काम करता का असं नाही विचारत, आदल्या दिवशी पहाटे 4 पासून दुसऱ्या पहाटे 4 पर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाने काय काय केलं ते विचारतात. छोट्या सर्वेत एवढं जमणार नाही तरी "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, क्रमाने सांगा" एवढं तर जमतंच, करून बघा, फॉर्म वेगळाच दिसायला लागतो.

आता चेहरा. तुम्ही म्हणाल आम्ही काही बोललोच नाही, पण शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता जो गणितं सोडवतो म्हणून गाजला, खूर आपटून आकडा सांगायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंगस्टने तपासलं तेव्हा कळलं की ज्याला स्वतःला उत्तर माहीत नाही असा माणूस विचारतो तेव्हा घोडा चुकतो, आणि विचारणारा दिसत नसला तरी चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान अगदी बारीक हलायची, त्याला स्वतःला पत्ता नसायचा, आणि घोडा तिथे थांबायचा. घोड्याला जर ते दिसतं तर आयुष्यभर माणसं ओळखत आलेल्या आजीला दिसणार नाही का. 1955 मध्ये जोएल ग्रीनस्पून नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तर नुसतं "हं हं" करून दाखवलं, लोकांना सुचतील ते शब्द बोलायला सांगायचे आणि अनेकवचनी शब्द आला की फक्त "हं हं" करायचं, तर लोक अनेकवचनी शब्द जास्त बोलायला लागले.

म्हणून "अरे वा", "छान", "अरेरे", "हो का!" हे सगळं बंद. ह्याचा अर्थ दगडासारखं बसा असं नाही, आपल्याकडे दगडासारख्या बसलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही. मान हलवा, पण प्रत्येक उत्तराला सारखीच, मुलगी शाळेत जाते म्हटलं तरी तेवढीच आणि दहावीनंतर लग्न केलं म्हटलं तरी तेवढीच. "बरं" हा शब्द मला सगळ्यात कामाचा वाटतो, त्यात कौतुक पण नाही आणि नाराजी पण नाही, सरळ आवाजात म्हणायचा आणि पुढे जायचं. मात्र कुणी घरातल्या मरणाचं सांगत असेल, शेतकऱ्याच्या आत्महत्येचं घर असेल, तर पेन खाली ठेवा आणि माणसासारखं ऐका, फॉर्म नंतर बघू, तिथे डेटापेक्षा ते घर मोठं आहे.

उत्तर अर्धवट आलं की आपण मदत करायला जातो, तिथे घात होतो. तो म्हणतो "पैसे आणले कुठून तरी" आणि आपण म्हणतो "सावकाराकडून का?" आणि तो म्हणतो "हाव". हे उत्तर त्याचं नाही, तुमचं आहे. "कुठून तरी म्हणजे?" एवढंच म्हणा. "म्हणजे कसं?", "अजून काही?", "जरा उलगडून सांगा", हे तीन-चार प्रश्न खिशात ठेवले की बहुतेक सगळीकडे पुरतात. पर्याय असतील तर सगळे वाचा, दुसऱ्याच पर्यायाला त्याने हो म्हटलं म्हणून थांबू नका. आणि माहीत नाही हे पण उत्तर आहे, ते मारून मुटकून हो किंवा नाहीत बसवू नका.

आणि गप्प बसायला शिका. अमेरिकेत मेरी बड रो ह्यांनी वर्गांमध्ये मोजून बघितलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंद पण थांबत नाहीत, आणि तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. ओट्यावरचे आजोबा तर आधी पावसाचं बोलतील, मग केळीच्या भावाचं, मग प्रश्नावर येतील. मनात एक-दोन-तीन-चार मोजा. ती शांतता तुम्हालाच अवघड वाटते, त्यांना नाही.

सोबत कोण बसलंय हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे आणि त्याचा पक्का इलाज माझ्याकडे पण नाही. खेड्यात एकटं कुणी नसतंच. सून बोलायला लागली की सासू आतून उत्तर देते, नवरा दारात येऊन उभा राहतो, आणि शेजारच्या तीन बाया पण येऊन बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला आणि पूर्ण एकांत असेल तरच विचारतात, नसेल तर तो भाग सोडून देतात, आणि तेच बरोबर आहे, कारण तिथे चुकीच्या उत्तरापेक्षा नंतर त्या बाईला काय भोगावं लागेल हे मोठं आहे. आम्ही दोघी जातो, एक जण ओसरीवर सासऱ्यांशी आणि सासूशी छोटा फॉर्म भरत बसते, खराखुरा फॉर्म, पीकपाण्याचा, आणि दुसरी सुनेजवळ चुलीपाशी बसते. मध्येच कुणी आलं तर पुढचा प्रश्न पाण्याचा किंवा रेशनचा करायचा, तो कोणता ते आधीच ठरवून ठेवायचं. बायांना बाईने विचारायचं, ह्याला पर्याय नाही. वेळ पण बघा, दुपारी गेलात तर घरी कोण सापडतं आणि वेचणीच्या दिवसात कोण सापडत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला गेलात तर गावात लेकी भेटतात, माहेरी आलेल्या, मोकळ्या बोलतात, पण त्या ह्या गावच्या सुना नाहीत, सुना आपापल्या माहेरी गेल्यात, तर सासुरवासाचा अभ्यास त्या आठवड्यात नका करू.

प्रश्नांचा क्रम थोडक्यात. केळीवर रोग पडून बाग उपटली, भरपाई मिळाली का, पंचनामा झाला का, हे दहा प्रश्न विचारून मग "सरकारच्या कामावर समाधानी आहात का" विचारलंत तर उत्तर तुम्ही आधीच लिहिलंय. सर्वसाधारण प्रश्न आधी, बारीक नंतर, आणि नाजूक सगळ्यात शेवटी.

विसाव्या फॉर्मनंतर एक वेगळाच धोका सुरू होतो. आता तुम्हाला गाव कळल्यासारखं वाटतं, पुढचा माणूस तोंड उघडायच्या आत उत्तर माहीत असतं, आणि कान अर्धेच ऐकतात. 1963 मध्ये रॉबर्ट रोझेंथल आणि कर्मिट फोड ह्यांनी विद्यार्थ्यांना साधे उंदीर दिले, काहींना सांगितलं हे हुशार जातीचे, काहींना सांगितलं मंद जातीचे, आणि "हुशार" उंदरांनी खरंच चांगले निकाल दिले, उंदीर सगळे सारखेच होते. फासेपारधी, भिल्ल, पाटील, मारवाडी, कुणाच्याही दारात जाताना आपल्या डोक्यात असं लेबल लागलेलं असतं. त्याच्यावर मला एकच सापडलंय, उत्तर त्याच्याच शब्दात लिहायचं, अहिराणीत बोलला तर अहिराणीत, सारांश करायचा नाही. आणि दिवसाला फॉर्म कमी करायचे. टार्गेटसाठी पंधरा पंधरा फॉर्म भरायला लावणाऱ्या एका संस्थेचं काम मी सोडलं होतं, कारण संध्याकाळचे फॉर्म सगळे एकसारखे यायचे.

तपासायचं कसं? ह्याचं उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलंय. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी 1930 च्या दशकात बंगालमध्ये तागाच्या पिकाचे सर्वे करताना एकाच भागाचे दोन वेगळे नमुने काढून वेगळ्या वेगळ्या माणसांकडे दिले, म्हणजे दोघांचे आकडे शेजारी ठेवून माणसामुळे पडलेला फरक दिसतो. तुमच्या सर्वेत पण हेच करा. एक गाव एकालाच देऊन टाकू नका, घरं चिठ्ठ्या टाकून वाटा, आणि तीन दिवसांनी प्रत्येकाचे आकडे वेगळे काढून बघा. एकाच्याच फॉर्मवर सगळे समाधानी असतील तर त्याला रागावू नका, त्याच्यासोबत एक दिवस जाऊन मागे बसा, कुठे "ना" जातोय ते कानाला लगेच कळेल.

आणि फॉर्मच्या मागे एक चौकोन आखून घ्या, घरातून निघाल्यावर गाडी सुरू करायच्या आत भरायचा. कोण कोण बसलेलं होतं, किती वाजले होते, कोणत्या बोलीत बोललो, कुठला प्रश्न मी माझ्या शब्दात विचारला, कुठे माझ्या तोंडातून "अरेरे" गेलं. दोन मिनिटं लागतात. आमच्याकडे हा चौकोन रिकामा असलेला फॉर्म परत जातो.